कळ्या खुडताना

३ ऑगस्ट
परत खड्डे! टेकडीच्या उतारावर, खडकालगत. आमरी कंदासकट गेली — ज्या रानटी ऑर्किडपायी मी अर्धं आयुष्य घातलं, तीच. या उताराशिवाय दुसरीकडे कुठेही सापडलेली नाही. मेल्याने माती परत लोटायचेही कष्ट घेतले नाहीत.

कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाजारातला नर्सरीवाला. हौशी गिऱ्हाइकांना कुंडीत लावून देतो. वर्षभरात मरते, मग दुसरी! पोलीस चौकीत गेले तर हवालदार म्हणतो, "फुलं चोरल्याची तक्रार? बाई, माझ्या दारातली रोज चोरतात!"

५ ऑगस्ट
चोर फूल बघून येतो. फूलच नसेल तर? नुसती पानं गवतात कुणाला ओळखू येणार! आजपासून कळी दिसली की खुडायची. कंद जगतो, पुढच्या वर्षी पुन्हा फुटतो. उताराची पाहणी करायला सरकारी समिती पुढच्या महिन्यात येईल, तेव्हापुरत्या चार कळ्या राखेन आणि स्वतः पहारा देईन.

ह्यांना सांगितलं. "रोगापेक्षा इलाज भयंकर," म्हणाले. म्हणू देत.

पहिली कळी खुडताना मात्र रडले.

१२ ऑगस्ट
नर्सरीवाला उतारावर भेटला. काखेत पोतं. "यंदा फुललीच नाही का हो, मॅडम?"
"तुमची नजर लागली!"
हात हलवत परत गेला. घरी येईपर्यंत हसत होते.

१९ ऑगस्ट
समिती आज आली. न कळवता! उतार राखायचा की दगडाच्या खाणीला द्यायचा, हे हीच माणसं ठरवणार. तास अर्धवट सोडून कॉलेजातून धावत पोचले.

"दाखवा तुमचं फूल," साहेब म्हणाले.
कुठून दाखवू? पानं दाखवली.
"हे गवत आहे."
खुडल्याचं सांगितलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "म्हणजे दुर्मिळ फुलं वाचवायला तुम्हीच तोडलीत?"
फोटो पुढे केले. त्यातला खडक, मागची टेकडी — चोराला जागा कळू नये म्हणून मीच कापलेली. "हे कुठलेही असू शकतात, बाई."

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. हुशार ना मी!

२० ऑगस्ट
ह्यांच्यावर उगीच खेकसले. चहा करून आणला बिचाऱ्यांनी. त्याचाही राग आला.

२७ ऑगस्ट
खाणीला परवानगी. सोमवारी यंत्रं येणार. अर्ज, विनंत्या, ओळखी — सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी खुरपं घेऊन गेले. दोन कंद काढले, दोन्ही हातात तुटले. शिकवते मी हे! आयुष्यभर एकही उपटला नाही, त्याचाच अभिमान होता.

२८ ऑगस्ट
सकाळी नर्सरीवाल्याच्या दुकानात गेले. म्हटलं, "पोती घ्या. जेवढी निघतील तेवढी काढा. कुठे कुठे आहे, ते मी दाखवते."