जन्मतारखेची जागा

प्रिय सायली,

सलाम. हे पत्र आमच्या जावयांजवळ, दीपकरावांजवळ देतो आहे. अंबडची शिफ्ट सुटली की निफाडला परतताना ते आमच्याकडे चहाला थांबतात, हे तुला ठाऊक असेलच. पोस्टाने टाकणार होतो, पण पाकीट तुमच्या घरी आधी कोण फोडेल सांगता येत नाही, आणि हे तूच वाचावंस अशी इच्छा आहे. फोनवर सांगून टाका, असं तुझी आई म्हणते. पण फोन तू तिला करतेस. मी शेजारच्या खुर्चीत बसून तिच्या बाजूचं तेवढं ऐकतो, आणि ती 'हो, तेही बरे आहेत' म्हणाली की समजतो, माझं नाव येऊन गेलं.

इकडे ठीक आहे. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते असे उकरून ठेवलेत की दुकानापर्यंत टेम्पो येत नाही. कादर दगड गल्लीच्या तोंडाशी उतरवतो आणि मग आम्ही दोघे म्हातारे ते ढकलगाडीवरून आणतो. काम कमी झालंय. लोकांना आता कॉम्प्युटरवर कापलेली अक्षरं हवीत, वर फोटोही. मागच्या महिन्यात एक कुटुंब आलं, वडिलांच्या कबरीवर 'सर्वांचे लाडके' असं कोरून हवं होतं. त्या गृहस्थांना मी ओळखत होतो. म्हटलं, 'सर्वांचे' काढा, मग कोरतो. रागावून गेले. तुझी आई म्हणाली, तुमचं काय जातं, मेलेला माणूस तक्रार घेऊन येणार आहे का? पण तुला माहीत आहे, शाळेचा दाखला पाहिल्याशिवाय मी कुणाची जन्मतारीखसुद्धा दगडावर घेतलेली नाही. अक्षर थोडं कमीजास्त झालं तर घासून सावरता येतं. मजकूर खोटा असला तर तो दोनशे वर्षं खोटाच राहतो.

तू आठेक वर्षांची असताना ओळी आखायला माझ्यासमोर खडूची दोरी धरून बसायचीस. एकदा विचारलं होतंस, पप्पा, आतल्या माणसाला ही अक्षरं खालून उलटी दिसत असतील ना? मी हसलो, आणि मग अर्धा तास तुला समजावत बसलो की आत फक्त देह असतो, देह मातीचा, तो मातीत जातो, आत्मा प्रभूकडे असतो, आणि शेवटच्या दिवशी दोन्ही पुन्हा एक होतील. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, तुम्हाला सगळंच माहीत असतं. त्या एका वाक्यावर मी किती दिवस काढले, हे तुला कधी सांगितलं नाही.

खरं म्हणजे माहीत करून घ्यायला मला कष्ट पडले. नववीत शाळा सुटली. जे आलं ते रद्दीतल्या पुस्तकांतून, एका जुन्या पाळकसाहेबांनी जाताना दिलेल्या पेटीतून आणि उसन्या शब्दकोशांतून. इंग्रजी आलं, बायबलच्या मूळ भाषेची, इब्रीची अक्षरं स्वतःच गिरवली. सेमिनरीत शिकणारी पोरं सुट्टीत येऊन मला शंका विचारतात, याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवत नाही. शनिवारच्या वर्गात मनुष्य म्हणजे काय हा पाठ मीच घेतो, इतकी वर्षं घेतोय. फळ्यावर लिहितो: माती अधिक श्वास. देवाने पहिला माणूस जमिनीच्या मातीतून घडवला आणि त्याच्या नाकात आपला श्वास फुंकला, तेव्हा तो जिवंत प्राणी झाला. माणसाला आत्मा 'असतो' असं नव्हे. ही माती आणि तो श्वास मिळून जे होतं, तो माणूस. सोपं, सुटसुटीत, फळ्यावर मावणारं. तूही ते वहीत उतरवून घेतलं आहेस.

पावसाळ्यापासून मी पुन्हा या विषयाला बसलोय. का, ते तुला सांगायला नको. आपल्या लोकांत याबद्दल किती मतं आहेत, हे मला तरी कुठे नीट माहीत होतं. काही म्हणतात, दिव्याने दिवा लावावा तसा आईबापांच्या देहाबरोबर आत्माही लेकराकडे येतो, आणि म्हणूनच पहिल्या माणसाचा दोषही आपल्यापर्यंत पोचतो. काही म्हणतात, छे, आत्मा असा वाटून देता येत नाही, प्रत्येकाचा देव नव्याने घडवतो. मग कधी घडवतो? इथे त्यांच्यातच भांडण. जुन्या काळच्या काही विद्वानांनी तर मुलाला चाळीस दिवस आणि मुलीला ऐंशी असा हिशेब मांडला होता. तुझ्या आईला वाचून दाखवलं तर पोळी लाटता लाटता म्हणाली, म्हणजे पोरींच्याच वेळी देवाला उशीर होतो होय? आणि काही म्हणत, बाळ पोटात पहिल्यांदा हलतं तेव्हा. तो दिवस मला पक्का आठवतो. तू फोन केलास, 'आई, हलला!' म्हणालीस, आणि तिने भाजी करपवली. ती करपलेली भाजी आम्ही दोघांनी हसत खाल्ली.

हे सगळं तुला आता कशाला, असं तुला वाटत असेल. थांब. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, मी दगडालाही आधी कडेने हात घालतो.

दवाखान्यात त्या दिवशी तू मला एकच विचारलं होतंस. तुझी आई डॉक्टरांकडे गेली होती, दीपकराव खाली कागदपत्रांत होते, खोलीत आपण दोघंच. तू म्हणालीस, 'पप्पा, त्याला आत्मा होता ना?' आणि मी म्हणालो, 'याबद्दल दोन मतं आहेत, बाळा.' पुढेही बोललो. पवित्र शास्त्र श्वासाबद्दल काय म्हणतं ते बोललो, आणि त्याने श्वास घेतलाच नव्हता म्हणून तिथे अडचण कशी येते, तेही. चुकीचं एकही वाक्य मी बोललो नाही. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मला वाटलं, तुला झोप आली. खरंच तसं वाटलं गं. सांगतोय ते खरं आहे.

त्यानंतर काय झालं, ते तुला कुणी सांगितलेलं नाही. तुझ्या सासूबाईंनीच, कुसाबाईंनी, बजावलं होतं की बाळंतिणीच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, तिच्या छातीत दूध आलंय, ती वेडी होईल. तुझ्या आईने ते ऐकलं आणि मीही ऐकलं, कारण मला ते सोयीचं होतं. तूही विचारलं नाहीस. दवाखान्यानेच सगळं आटोपलं, असं तू धरून चालली असशील. तसं झालं नाही, सायली.

दीपकरावांनी त्याला पांढऱ्या कापडात घेतलं. गाडी मीच चालवली, कारण त्यांच्याने चालवणं शक्य नव्हतं. कुसाबाई पहाटेच्या एसटीने निफाडहून आल्या होत्या, बरोबर एक टोपडं घेऊन. आधीच शिवून ठेवलेलं असणार, पिवळं, दोन्हीकडे बंद असलेलं. त्या मागच्या सीटवर बसल्या, लेकाच्या मांडीवरचं कापड बाजूला केलं आणि त्याच्या डोक्याला ते टोपडं घातलं. फार मोठं झालं. बंद दोनदा गुंडाळून बांधले. आणि मग, अगदी रोजच्या आवाजात, त्याला रागे भरायला लागल्या. 'एवढी कशाची घाई झाली व्हती रे तुला? आजीला भेटल्याबिगर निघाला? लय शाना हाय. बापावर गेलाय, ह्यो बी कधी सांगून जात नाय.' दीपकराव रडता रडता हसले. मी आरशात बघत होतो. त्या गप्प झाल्या नाहीत, दफनभूमीच्या फाटकापर्यंत बोलत होत्या. रस्त्यातला खड्डा लागला तर माझ्यावर ओरडल्या, 'इवाई, हळू की, लेकरू हाय गाडीत.'

मी त्यांना विचारलं होतं की हे तुमच्याकडे चालेल ना, आमच्या दफनभूमीत. म्हणाल्या, 'आमच्यात बी ल्हानग्याला जाळत नाय, मातीतच देत्यात. अन् त्याची माय तुमची हाय, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या.' अशी लेकरं आपल्याकडे भिंतीकडेने पुरतात, दगड न लावता, हे तुला माहीत आहे. मीही तिकडेच निघालो होतो. पण पाय वळले ते आईच्या कबरीकडे. तुझ्या आजीच्या पायथ्याशी, मेंदीच्या कुंपणालगत, मीच कुदळ मारली. तो तिथे आहे. भिंतीकडे नाही.

माती लोटायच्या आधी कुसाबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, 'इवाई, तुमच्यात काय म्हनत्यात ते म्हना की आता.' पाळकसाहेब गावाला गेले की दफनविधी मीच चालवतो. ती प्रार्थना मला झोपेतही येते. पण तिच्यात आम्ही या जिवाचा आत्मा तुझ्या हाती सोपवतो असं म्हणावं लागतं, आणि मी तिथेच अडकलो. खरं असल्याशिवाय म्हणायचं कसं? कुसाबाई हात जोडून उभ्या होत्या. दीपकराव माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटी त्याच म्हणाल्या, 'ऱ्हाऊ द्या, त्यांचं त्यांच्या मनात चाललंय,' आणि मूठभर माती सोडली. हळूच, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तशी. माझ्या मनात काहीही चाललेलं नव्हतं, सायली. मी नुसता उभा होतो.

तेव्हापासून मी वाचलेली पुस्तकं रचली तर गुडघ्याएवढी होतील, आणि अजून कुणीही मला ठाम उत्तर दिलेलं नाही. पण एका पुस्तकात एक मत होतं की माणसाची बुद्धी, त्याचा श्वास, त्याचा आकार, यांपैकी कशातही देवाचं प्रतिरूप नाही; देव ज्याच्याशी बोलतो तो माणूस, बस. मी समासात पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, 'पुरावा कच्चा'. परवा ते पान पुन्हा उघडलं आणि मला गाडीतल्या कुसाबाई आठवल्या. त्या कुणाशी तरी बोलत होत्या. मी इतक्या लोकांना रडताना पाहिलंय, रिकाम्या जागेशी बोलणाऱ्याचा आवाज मला ओळखता येतो. तो तसा आवाज नव्हता. हा पुरावा होत नाही, हे मला कळतं. वर्गात मी तो मांडणार नाही. पण तू वर्गात विचारलं नव्हतंस.

गेल्या आठवड्यात कादर एक लहान दगड घेऊन आला. काळा पाषाण, दीड फूट, एका मोठ्या लादीतून उरलेला, कड स्वच्छ. मी त्याला काही बोललो नव्हतो, दीपकरावांकडून कळलं असेल. दगड टेकवून ठेवत म्हणाला, 'शेखरभाई, बच्चे का नाम क्या रख्खा?' म्हटलं, नाही ठेवलं. तर माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्या लेकराला उपाशी ठेवलंय. म्हणाला, त्यांच्याकडे पोटात चार महिने झाले की रूह फुंकली जाते असं मानतात. असं लेकरू गेलं तर त्याला नाव देऊन, न्हाऊ घालून मातीत देतात. नाव नसेल तर वर कुणाला हाक मारणार? मग चहा न घेताच गेला.

त्या दगडावर मी खडूने ओळी आखल्या. सवयीप्रमाणे जन्मतारखेची जागा सोडली आणि छिन्नी हातात घेऊन बसून राहिलो. कोणती तारीख घालू? पोटात आला ती, हलला ती, की दवाखान्यातली? आयुष्यात पहिल्यांदा मी तारखेची ओळ पुसून टाकली. ती नको. तो होता, एवढंच मला माहीत आहे. त्याला आत्मा होता, सायली. दोन मतं असतील, माझं एकच आहे, आणि ते मला त्या दिवशी सांगता आलं नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. ती प्रार्थना अजून म्हणायची राहिली आहे. पाळकसाहेबांशी बोललोय, ते म्हणाले, तुम्हीच म्हणा. पण तुझ्यावाचून म्हणणार नाही. तू ये, दीपकरावांना आण, कुसाबाईंना तर आणच. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, कुंपणापाशी उभी राहा. फक्त त्याआधी मला एक कळव. तिथे नाव घ्यावं लागतं, आणि दगडावर दुसरं काहीच असणार नाही. तो पोटात असताना तू त्याला काहीतरी म्हणत असशीलच, आई म्हणते, सगळ्या म्हणतात. तेच कळव. लाडाचं असलं तरी चालेल, मी दाखला मागणार नाही. आणि नाव लांब असलं तर संकोच करू नकोस, कादरला सांगून मोठा दगड आणीन.

तुझाच,
पप्पा