सातवं वाक्य

गुरुजी,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोललो, कागदावर मात्र आज पहिल्यांदाच. मुलुंडला माझं छोटं वर्कशॉप आहे. गिऱ्हाईकं एकमेकांना सांगतात, या माणसाशी दोन मायक्रॉनवरून वाद घालू नका, तो जेवायला जाऊ देणार नाही. मला ते ऐकायला आवडतं. सातवीनंतर शाळा सुटली. लेथ, ड्रॉइंग, जर्मन भाषा, सगळं माझं मी शिकलो, हे मी भेटेल त्याला सांगतो, न विचारता सांगतो. पण नेमकेपणा म्हणजे काय हे मला कळलं ते मशीनवर नव्हे. ते कळलं घाटकोपरला तुमच्या स्वयंपाकघरात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. म्हणजे तुमच्या रजिस्टरप्रमाणे चौतिसाव्या.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी क्रमानं सांगतो. क्रम चुकलेला तुम्हाला चालत नसे. आमच्या कारखान्यात पश्चिम जर्मनीहून बोरिंग मशीन आलं, सोबतचं जाडजूड पुस्तक जर्मनमध्ये. फूटपाथवरून जुनी डिक्शनरी आणून मी ते आठ महिन्यांत वाचून काढलं. मशीन बसवायला आलेला तिकडचा इंजिनीअर चाट पडला आणि पुढे त्यांच्याच कारखान्यानं मला कंत्राटावर बोलावून घेतलं. जी पुढे माझी बायको झाली ती तिथं तपासणी विभागात होती. मी बनवलेला पहिलाच जॉब, म्हणजे मशीनचा सुटा भाग, तिनं नापास केला. मी भांडलो. तिनं मापाचा गेज माझ्या हातात दिला. मी मोजलं आणि जॉब पुन्हा मशीनवर चढवला. दोन वर्षांनी आम्ही लग्नाची नोंद करायला गेलो. फॉर्मवर जन्मतारखेचा रकाना. पासपोर्टवर एक जून. आमच्या पिढीत वर्गातली निम्मी पोरं एक जूनची असतात, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण आई सांगायची, तू गोकुळाष्टमीचा. जुनी पंचांगं चाळून मी ऑगस्टमधली तारीख काढून ठेवली होती. होणारी बायको म्हणाली, ‘पासपोर्टवर आहे तेच लिही.’ मी म्हटलं, ‘लग्नाच्या कागदावर खोटं लिहिणार नाही.’ खिडकीतल्या बाईंनी माझा फॉर्म आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. मी त्यांना शुद्ध जर्मनमध्ये सांगितलं की पासपोर्टवरची तारीख चुकीची आहे. तेवढं पुरलं. ज्याची पासपोर्टवरची तारीख चुकीची, त्याचा व्हिसा खोट्या माहितीवर घेतलेला. सात आठवड्यांत मला विमानात बसवलं आणि पाच वर्षं त्या देशात पाय ठेवायचा नाही असा हुकूम हातात दिला.

तिला इकडे येता आलं नसतं असं नाही. पण तिची आई अंथरुणाला खिळलेली, भावंड एकही नाही. आठवडाभराच्या वर घर सोडणं अशक्य. म्हणजे जायचं तर मीच. ती तेव्हा सदतीस वर्षांची होती आणि आम्हाला मूल हवं होतं, एवढंच लिहितो. पाच वर्षं थांबणं म्हणजे काय ते त्यात आलं. बंदी उठवावी म्हणून तिनं तिकडे अर्ज केला. उत्तर आलं: या दोन तारखा फसवणुकीतून आलेल्या नाहीत याचा पुरावा द्या. शाळेनं दाखला दिला, त्यावर अर्थातच एक जून. आता ज्याच्या हातानं ती तारीख पडली तो माणूस गाठायचा राहिला होता.

मी तुमच्या दारात उभा आहे. तुम्ही निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, तुमच्या पत्नी गेलेल्या. नमस्कारही न करता मी म्हणतो, ‘गुरुजी, तुमच्या एक जूननं माझी पार वाट लावली.’ तुम्ही चष्मा नीट करता. ‘आत ये. चपला काढ. मग लागलेली वाट दाखव.’

सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, ‘त्या दिवशी चाळीस-एक बाप उभे होते रे. मिलची पाळी बुडवून आलेले. एकाला तारीख सांगता येईना. कोण म्हणतो आंबे संपत आले होते, कोण म्हणतो म्हैस व्याली त्या साली. परत पाठवले असते तर किती पोरं पुन्हा आली असती? तू आला असतास?’ माझ्या बापानं मला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर उभं केलं असतं, हे मला ठाऊक होतं. तुम्ही पुढे सांगितलंत, ‘सहा पूर्ण असल्याशिवाय नाव घालता येत नव्हतं. शाळा जूनमध्ये सुरू. घातली एक जून. चूक म्हणशील तर चूक. लिहून देतो.’

तुमचा मुलगा तरातरा आत आला. ‘बाबा, डोकं फिरलंय का? सरकारी रजिस्टरात मनाची तारीख घातली असं शपथेवर लिहून देणार? पेन्शन अडकवतील ना!’ तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘अडकली तर तू घालशील ना रे जेवायला? दोन पोळ्या तर खातो मी.’ तो पाय आपटत निघून गेला.

बाहेरच्या खोलीत तुमच्या सूनबाईंची शिकवणी चालू होती, म्हणून आपण स्वयंपाकघरात बसलो. तुम्ही मेथी निवडत सांगत होतात, मी लिहीत होतो. एक वाक्य बोलायचं, चार काड्या निवडायच्या, मग पुढचं. मुलाच्या वडिलांना तारीख सांगता आली नाही. ती मी माझ्या अंदाजानं घातली. तसं करायला वडिलांनी किंवा मुलानं मला सांगितलं नव्हतं. अशी सहा वाक्यं झाली, एकही शब्द वाकडा नाही. आणि मग सातवं: ‘या मुलाची खरी जन्मतारीख कोणती हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आजही ठाऊक नाही.’

माझा हात थांबला. ‘गुरुजी, हे कशाला? इथं गोकुळाष्टमी लिहा ना. आई सांगायची.’

‘मग आईला लिहू दे.’

‘आई नाही आता.’

‘मग तू लिही, की आई असं सांगायची. मी काय बाळंतिणीच्या खोलीत होतो?’

‘पंचांग बघून काढलीय मी. पक्की आहे.’

‘पंचांगावरून अष्टमी कधी होती ते कळतं रे. तू कधी जन्मलास ते कळत नाही.’

मी चडफडत घरी आलो. जर्मन भाषांतर मीच करणार होतो. माझ्याइतकं चोख दुसरं कोण करणार? ते करताना सातवं वाक्य मी गाळलं. मला वाटलं, ज्याला तारीखच ठाऊक नाही असा साक्षीदार कुणाला हवा? एका रविवारी कागद तुम्हाला दाखवायला आणला तो निव्वळ रीत म्हणून. तुम्हाला जर्मनमधला ज ठाऊक नव्हता. तुम्ही कागद खिडकीशी नेलात आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजू लागलात.

‘माझी वाक्यं सात. इथं टिंबं सहा.’

मी म्हटलं, ‘त्यांच्या भाषेत वाक्यं लांब असतात. दोनाचं एक होतं.’

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. ‘कुठल्या दोनाचं?’

परदेशात नोकरी करून आलेला, दोन भाषांची पुस्तकं वाचणारा फिटर, आणि कान लाल. ‘गाढवा,’ तुम्ही म्हणालात, आवाज अजिबात न चढवता, ‘तुझी तारीख चुकली ती माझ्यामुळे. हा कागद चुकला तर तो तुझ्यामुळे. घाल ते वाक्य.’

मी घातलं. तुम्ही कोर्टात रणरणत्या उन्हात दोन तास रांगेत उभं राहून शपथेवर सही केलीत. पेन्शनचं पुढे काही झालं नाही, पण सही करताना ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली, त्यातली काही माझ्याहूनही हुशार. आपल्याला काय ठाऊक नाही याची इतकी नेमकी सीमा आखून, तिच्या आत पाय रोवून उभा राहिलेला माणूस मी एकच पाहिला.

साडेचार महिन्यांनी बंदी उठल्याचं पत्र आलं. शेजारणीला आईजवळ ठेवून ती स्वतः मला न्यायला आली, नऊ दिवसांसाठी. सहार विमानतळावर तिला पाहिलं तेव्हा आधी वाटलं, ही बारीक झालीय. आणि मग काहीच वाटायला जागा राहिली नाही. माझ्या घरी येताना टॅक्सीत तिनं सांगितलं, तिकडचा अधिकारी काय म्हणाला ते. तारखा सिद्ध करणारे कागद त्याच्याकडे रोज येतात, सगळे पक्के, सगळ्यांवर शिक्के. मला ठाऊक नाही, असं शपथेवर लिहिलेला हा पहिलाच. म्हणून बाकीची सहा वाक्यंही त्यानं खरी मानली. मग तिनं माझा हात धरून विचारलं, ‘ते वाक्य घालायचं कुणाला सुचलं? तुला?’

मी म्हटलं, ‘हो, मला.’

माझा जॉब नापास करणारी बाई, गुरुजी. तिनं माझ्याकडे अशा कौतुकानं पाहिलं की ते ‘हो’ परत घेता आलं नाही.

दोन दिवसांनी तुमचा मुलगा निरोप घेऊन आला: आमच्या नव्या सूनबाईला घेऊन ये, गोडाचं करतो. मी कळवलं, तिला इथलं पाणी सोसलं नाही, पोट बिघडलंय. तिचं पोट उत्तम होतं. त्याच संध्याकाळी तिनं स्टेशनबाहेर दोन वडे खाल्ले आणि तिसरा मागितला. बोलता बोलता त्या वाक्याचा विषय निघाला असता, म्हणून मी तिला तुमच्याकडे आणलं नाही. नवव्या दिवशी आम्ही जर्मनीला गेलो. दुसऱ्या वर्षी तुम्ही गेल्याचं पत्र तिकडे पोचलं, तेव्हा आमची मुलगी चार महिन्यांची होती.

सासूबाई गेल्यावर आम्ही मुलुंडला आलो. ती आता भाजीवाल्याशी मराठीत हुज्जत घालते, वर्कशॉपमध्ये येऊन माझे जॉब तपासते, आणि पाहुणे आले की आमची गोष्ट सांगते. तिच्या गोष्टीत ते वाक्य माझंच असतं. मी तेव्हा चहा ढवळत बसतो.

आत्ताही ती समोरच बसली आहे. मघाशी तिनं विचारलं, ‘एवढं कुणाला लिहितोस रे?’ मी म्हटलं, ‘माझ्या गुरुजींना.’ ‘मग नीट लिही,’ म्हणाली, आणि कागदावर एक नजर टाकून पुन्हा आपल्या कामाला लागली. हे पत्र मराठीत लिहिलं ते तुमच्यासाठी, असं म्हणायला बरं वाटतं. खरं म्हणजे तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.