टिळा इंजिनाकडे

२ डिसेंबर १९९६, सोमवार

व्हॅनवरची ताडपत्री काढली! नऊ महिने हात लावला नव्हता. आज व्हॅनचा मालक जरीवाला शेठ स्वतः भेस्तानला गॅरेजवर आला. म्हणाला, "गणपतभाई, चालू करी आपो. वेची नाखवी छे." विकून टाकायचीय त्याला. नाही म्हणायचं ठरवलं होतं. तोंडून हो गेलं.

व्हॅनचं तोंड अजून भिंतीकडेच आहे. भिंतीला मी तेव्हाच चुना मारलाय. तरी कुठे काय होतं ते मला दिसतं. माझा उस्ताद राघोदादा तिथेच सापडला, व्हॅन आणि भिंतीच्या मधे. सीटवर मी होतो.

३ डिसेंबर

एकदा नीट लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

मार्चमध्ये आम्ही दोघांनी या व्हॅनचा क्लच उघडला. नवीन प्लेट दादाने बसवली, गिअरबॉक्स दोघांनी चढवला. मग दादाची नेहमीची परीक्षा — पहिला गिअर टाकायचा, क्लच तळापर्यंत दाबायचा, सेल्फ मारायचा. क्लच सुटत असेल तर गाडी जागची हलत नाही. नसेल तर उडी मारते. दादा एरवी बाजूला उभा राहायचा. त्या दिवशी पाना पडला म्हणून समोर वाकला. मी सेल्फ मारला — आणि व्हॅनने उडी मारली!

दादा दवाखान्यात दोन दिवस जगला. हवालदाराला त्यानेच जबाब दिला : प्लेट माझ्या हातून उलटी बसली, म्हणून क्लच सुटला नाही, गणपतचा दोष नाही. प्रकरण मिटलं. सगळं भेस्तान म्हणतं, एवढा मोठा उस्ताद, स्वतःच्याच चुकीने गेला. मीही तेच म्हणतो.

पण माझा पाय मला आठवत नाही. पेडलवर होता की नव्हता? एवढंच आठवतं की उडीच्या आधी एक आवाज आला. टक. आत काहीतरी तुटलं असं मी सगळ्यांना सांगितलं. तो आवाज मला अजून येतो — जेवताना, अंघोळ करताना, भर बाजारात.

प्लेट उलटी निघाली तर मी सुटलो. सरळ निघाली तर दादा माझ्या पायाने गेला. इतकी सरळ गोष्ट आहे.

४ डिसेंबर

बॅटरी चढवली. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू केली, क्लच दाबून पहिला गिअर टाकायला गेलो तर करकर करकर! पडेचना. क्लच सुटत नाही! मी गॅरेजात एकटाच मोठ्याने हसलो. मग टायरवर बसून रडलो. नऊ महिन्यांनी पोटभर जेवलो.

५ डिसेंबर

आनंद एकच दिवस टिकला.

सकाळी केबल बघितली. ठीक आहे. पेडलला खेळ बरोबर, खालचा फोर्कही नीट हलतो. म्हणजे दोष आतच. पण गाडी पूर्ण पावसाळा उभी होती. अशा गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते आणि मग सरळ बसवलेली असली तरी क्लच सुटत नाही. हे मला दादानेच शिकवलंय! तेव्हा कालचा पुरावा हा पुरावाच नाही.

चिकटलेली प्लेट कधी कधी गाडीला झटका दिला की सुटते. या गाडीला झटका देणं माझ्याच्याने होणार नाही.

६ डिसेंबर

धुरपदावहिनी डबा घेऊन आली. दादा गेला तरी तिने माझा डबा बंद केला नाही. व्हॅन उघडी बघून दारातच थांबली. कळण्याची भाकरी काढून दिली, मी खाईपर्यंत बसली. जाताना म्हणाली, "खोलशी तव्हय टिळा कोठे शे, माले सांगजो."

टिळ्याचं मी विसरलोच होतो. की विसरायचं ठरवलं होतं?

नवी प्लेट बसवायच्या आधी दादा सप्तशृंगीच्या फोटोपुढचं कुंकू ऑइलमध्ये कालवायचा आणि प्लेटच्या सपाट बाजूला मधोमध बोट टेकवायचा. फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे, टिळा इंजिनाकडे. बाकीचे मेकॅनिक हसायचे. दादा म्हणायचा, देवीपण खूश आणि प्लेटपण उलटी बसत नाही. वीस वर्षांत एकही बसली नव्हती.

७ डिसेंबर

हात लावला नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. कोणाला सांगितलं? गॅरेजात मी एकटाच होतो.

८ डिसेंबर

आज नुसता सीटवर बसलो. दादाचा एक नियम होता — पेडलवर अनवाणी. "पायले समजस, कानले नई," म्हणायचा. त्या दिवशी माझ्या पायात चप्पल होती. काढायचा कंटाळा केला. आज तीच घातली. तळाला ऑइल होतंच, गॅरेजात कुठे नसतं? क्लच दाबला, धरून ठेवला.

चप्पल घसरली. पेडल वर आलं. टक.

तोच आवाज. आत काही तुटलं नव्हतं.

९ डिसेंबर

गिअरबॉक्स उतरवला. प्रेशर प्लेट काढली. क्लचप्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली होती, स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू सोडवली. उलटून बघायला हात धजेना. मग बघितलं.

टिळा इंजिनाकडे होता. थोडा काळवंडलेला, पण लाल. प्लेट अगदी सरळ!

म्हणजे दादा खोटं बोलला. मरायला टेकलेला माणूस, त्याला ठाऊक होतं आपली प्लेट सरळ आहे. वीस वर्षांचं नाव त्याने माझ्यासाठी मातीत घातलं. आणि मी नऊ महिने नाक्यावर मान हलवत राहिलो — हो ना, उस्तादाचीच चूक.

हेही लिहून ठेवतो : प्लेट मी फिरवून धरली होती. उलटी बसवावी आणि चार जणांना बोलावून दाखवावी, कोणाला कळणार होतं? बराच वेळ तशीच धरून उभा होतो. माझी मलाच शिसारी आली.

१० डिसेंबर

प्लेट फडक्यात बांधून वहिनीकडे गेलो. सगळं सांगितलं. चप्पल, तेल, तो आवाज, काल प्लेट फिरवून धरली तेही. तिने प्लेट मांडीवर घेतली आणि टिळ्यावर बोट ठेवलं. पुसलं नाही. नऊ महिन्यांत कुंकवाला तिचं बोट लागलं नसेल.

"मंग त्यासनी आसं का सांगं?"

ती रडली नाही, त्याने मी जास्तच घाबरलो. शेवटी म्हणाली, गाडी जोडून ठेव, मी येते. आज डबा दिला नाही.

१२ डिसेंबर

फ्लायव्हील घासून लख्ख केलं. तीच प्लेट, टिळा इंजिनाकडे. गिअरबॉक्स चढवला, केबल लावली. सेल्फ मारायची हिंमत झाली नाही. वहिनी उद्या येणार. काय बोलेल? बोलली तर बरं.

१३ डिसेंबर

वहिनी आली ती सरळ व्हॅन आणि भिंतीच्या मधे जाऊन उभी राहिली. बाजूला हो म्हणालो, हात जोडले. "पयला गिअर टाक. सेल्फ मार. मी आठेच उभी ऱ्हास."

चप्पल काढली. क्लच दाबला. सेल्फ मारला. व्हॅन तसूभरही हलली नाही. वहिनीही नाही. इंजिन बंद केल्यावरच पाय उचलला.

मग ती म्हणाली, "आते समदासले सांग. प्लेट सीधी व्हती."

नाक्यावर सांगून आलो. आता चौकीत जातोय.