उसने सात बाप

१२ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा! नारीनच्या अलीकडचं गाव, रस्त्यालगत पाहुणेघर, हिवाळ्यात बंद. काम म्हणजे भट्टी विझू द्यायची नाही, नळ गोठू द्यायचे नाहीत, कुत्र्याला खायला घालायचं. मालकीण साइरा, सगळ्या गावाची एजे, म्हणजे थोरली बहीण. ती वसंतापर्यंत घाटापलीकडे कोचकोरला लेकीकडे राहणार. निघताना म्हणाली, वर्षात पाच नोकऱ्या सोडणारा तू, तेमिर, भट्टीपाशी टिकशील की भट्टी घेऊनच पळशील?

येताना घाटापलीकडे गाडीचं चाक बसलं. सगळे ड्रायव्हरला अक्कल शिकवत उभे राहिले आणि मी बाजूच्या कबरस्तानात हिंडून आलो. एका ओळीत सात कबरी, बाप, त्याचा बाप, त्याचा बाप, असे. एकाचं नाव इतीबाय. कुत्र्यावरून ठेवलेलं, नजर लागू नये म्हणून. जगला असणार म्हातारा होईपर्यंत! फोटो काढला. मग ड्रायव्हर शिव्या देत शोधायला आला.

जर्दाळूचा मुरंबा अख्खी बरणी आहे. मजा.

१५ नोव्हेंबर

भट्टी धुरकटत होती, म्हणून 'कोशुना'वर विचारलं. कोशुना म्हणजे शेजारी. त्या संकेतस्थळावर अनोळखी माणसं एकमेकांना दिवसभर सल्ले देत बसतात. मुलाला दात येतायत, सासू बोलत नाही, गाय आटली, काहीही. कढईवाली नावाच्या एका बाईनं लगेच लिहिलं, अरे खुळ्या, ओल्या गोवऱ्या कोंबतोस आणि वर धुराला शिव्या देतोस? खरंच ओल्या होत्या. मग चहात दूध आधी की नंतर यावरून चाळीस जण भांडले. मी पण भांडलो. भट्टी विझली.

आता रोज लिहितो. काय शिजवलं, कुत्रा कुणावर भुंकला. इतकी माणसं माझी चौकशी करतायत असं आयुष्यात झालं नव्हतं. बालगृहात वाढलो मी. आई आठवत नाही. बाप जोलदोश, ट्रक चालवायचा, मी पाच वर्षांचा असताना घाटात गेला. त्याचं नाव एवढीच माझी इस्टेट.

१९ नोव्हेंबर

आज तो प्रश्न आलाच. कढईवालीनं विचारलं, पोरा, तुझे सात बाप कोण? कुणाचा तू? ज्याला सात पिढ्यांची नावं येत नाहीत तो गुलाम, हे आपल्याकडे शेंबडं पोरही म्हणतं. मला एकच येतं. एक सांगितलं असतं तर सगळे गप्प झाले असते, ते कीव करणारं गप्प मला पाठ आहे.

फोटो उघडला. सातही नावं ओळीनं उतरवली. सापारबाय, केनेन, बेकतुर, चोरो, तोकोय, अल्दाश, इतीबाय. साखळी आधीच पुरी सातांची होती, जोलदोशला जागा उरली नाही. म्हणून त्याला वगळलं. फक्त तिथं लिहिण्यापुरतं.

वाहवा झाली. कढईवाली म्हणाली, असा खानदानी, आणि गोवरी ओळखता येत नाही!

२१ नोव्हेंबर

केनेन बाइके या नावानं कुणीतरी लिहिलं. बाइके म्हणजे थोरला भाऊ. म्हणे, सापारबायचा मुलगा? मग तू आमचाच रे. एवढे दिवस होतास कुठे? मग त्याच्याच घरचे आणखी पाच-सहा जण आले. उशाला लोकर घे, छाती शेक, अंगावर मांस नाही तुझ्या, असं म्हणाले. मी कसा दिसतो ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. पण इतकं गोड बोलत होते की—

बाइकेनं विचारलं, तुझ्या मातीला रडायला कोण आहे? खरं तेच लिहिलं, कुणी नाही. तो म्हणाला, आम्ही येऊ. तू फक्त या म्हण.

डोळे भरून आले. लिहिलं, या. एकशे चाळीस अनोळखी माणसांनी त्यावर बदाम दिले.

२५ नोव्हेंबर

ते निघालेत. खरंच निघालेत. वाटेतून लिहितात, इथे चहा घेतला, इथे घोड्यांना पाणी पाजलं, लाकडी पुलावरून आलो. गावातला दुकानदार म्हणाला, तो लाकडी पूल त्याच्या लहानपणीच वाहून गेला.

बाइकेला विचारलं, पण वारलं कोण? त्यानं हसरा चेहरा पाठवला. म्हणे, वेड्या, सात बापांतल्या माणसाकडे आपण सगळे मिळून कशाला जातो? मातीलाच ना?

२६ नोव्हेंबर

खरं लिहून टाकलं. नावं कबरींवरची आहेत, मी त्यांचा नाही, माफ करा, येऊ नका.

सगळे माझ्यावरच तुटून पडले. कढईवाली म्हणाली, बापाला नाकारतोस? घरचे बर्फातून येतायत आणि हा नखरे करतोय! भट्टी पेटव, मयताचे बोरसोक, कणकेचे तुकडे, तळ, दार उघडं ठेव. एकानं लिहिलं, मला असे भाऊ असते तर. त्यालाही बदाम.

बाइके एवढंच म्हणाला, भितंय पोर. होतं असं सुरुवातीला.

२७ नोव्हेंबर

एजेचा फोन. खूश होती. तुझ्या घरचे भेटले रे कोचकोरला, पत्ता विचारत होते, मी दिला. मी म्हणायची, बिचाऱ्याला कुणी नाही! सगळे कंबर बांधून होते, ती म्हणाली, कुणी म्हातारं गेलं का तुमच्यात? कंबर आपण मयताला जाताना बांधतो. मी म्हटलं, एजे, मला इथून ने. ती म्हणाली, घाट बंद झालाय, मुंगीसुद्धा येणार नाही आता.

ते येतायत. घाटातून.

२८ नोव्हेंबर

पायीच निघालो, नारीनकडे. एक गाडी थांबली. ड्रायव्हरनं विचारलं, कुणाचा रे तू? तोंडून निघालं, सापारबायचा. दुसरं नाव सांगायचं होतं. जीभ नुसती— त्या कबरी त्यालाही माहीत असणार, धाडकन दार लावून निघून गेला. परत आलो.

वही चाळली. पंधरा तारखेला लिहिलंय, बाप जोलदोश. अक्षर माझंच.

कोण जोलदोश?

२९ नोव्हेंबर

कोशुनावरून नाव काढलं. फोन बंद केला. बंद फोनवर बाइकेचं, घाट उतरलो.

कुत्रा भुंकत नाही. शेपटी हलवतोय, रस्त्याकडे तोंड करून.

हात गार. भट्टीला लावले, तरी गार.

३० नोव्हेंबर, भरदुपार

अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू. मयताला उभारतात तसा. मी नाही उभारला. ऊन लख्ख आहे आणि बर्फात एकही पाऊल नाही—

लांबून हंबरडा. पुरुषांचा. आपल्याकडे रडत येतात तसाच, जवळ जवळ—

माझं नाव घेतायत. अरे भावा, अरे आमच्या काळजा—

कुणी कधी माझ्यासाठी—

मी तंबूत आहे. आत कसा आलो? डाव्या बाजूला, मेलेल्या पुरुषाला निजवतात तिथं. वही छातीवर. ओरडलो, मी जिवंत आहे, मी त्यांचा ना— मी जो— जो— बाहेर बाइके कुणाला तरी सांगतोय, किती शांत दिसतोय बघ पोरगा—

आत आले. किती प्रेमानं बघतायत. कुणीतरी, मयताचा जबडा बांधतात तसं, हनुवटीखालून फडकं घे