‘दहा बोटे’च्या हातांची निरवानिरव

मी, बनुबाई लालासाहेब डुबल, वय एक्केचाळीस, धंदा हस्तकला शिक्षिका, सध्या आजारपणाच्या रजेवर, सासर उंब्रज, माहेर माधवनगर, राहणार सातारा, आज हे मृत्युपत्र लिहिते. डोके ठिकाणावर आहे. शरीराचे तसे सांगता येत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही आणि गोड बोलून कोणी हे लिहूनही घेतलेले नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगायचे ते सांगितले आहे, आणि मी ते दोनदा विचारले नाही.

वकील मानसिंग थोरात यांनी मसुदा करून आणला होता. तो वाचला तर त्यात मी कुठे सापडेना. म्हणून ठरले की लिहायचे मी, आणि कायद्याला कुठे अडते तेवढे त्यांनी सांगायचे. थकले की थांबते, त्यामुळे कलमे कमीजास्त लांब झाली आहेत. त्यांनी समजून घेतले आहे, पुढच्यांनीही घ्यावे.

कलम पहिले. ओळख पटावी म्हणून. मुंबईच्या टेलिव्हिजनवर मुलांसाठी ‘दहा बोटे’ नावाचा कार्यक्रम त्र्याहत्तर सालापासून लागतो. कागद, पुठ्ठा, चिंध्या, करवंट्या यांपासून वस्तू कशा करायच्या ते त्यात दाखवतात. त्यात बोलतात त्या मुंबईच्या ताई, आणि काम करताना दिसतात ते हात माझे. चेहरा कोणी पाहिलेला नाही. साताऱ्यात मंडईत मला कोणी ओळखत नाही, पण मी भेंडी निवडायला लागले की एखादे पोर आईचा पदर ओढते.

हे असे का झाले तेही लिहून ठेवते. साताऱ्याच्या एका प्रदर्शनात मी गिरणीतल्या रिकाम्या कांड्यांची आगगाडी मांडली होती. माझे वडील माधवनगरला गिरणीत होते, त्यामुळे लहानपणी खेळणी म्हणजे सूत संपलेल्या कांड्याच. कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी ती गाडी पाहिली आणि मला मुंबईला बोलावले. शाळेत मी पुस्तकातले बोलते, पण हातात कात्री आली की तोंडात माधवनगर येते. कॅमेऱ्यासमोर मी म्हणाले, “आता ह्याला डिंक लय लावायचा न्हाई.” खोलीतली माणसे हसली. वाईट हेतूने हसली असे म्हणत नाही. पण बोलायला ताई आणल्या आणि मला सांगितले की तुमचे हात फार बोलके आहेत. त्या शब्दांचा राग मला अजून आहे. तो मी कोणाच्या नावे करीत नाही, माझ्याबरोबर नेते.

कलम दुसरे. कामाची पद्धत, जी पुढे येणाऱ्याला लागेल. टेलिव्हिजनवर डिंक वाळेपर्यंत कोणी थांबत नाही. म्हणून प्रत्येक वस्तू चार वेळा करायची: एक सुटी, एक अर्धी, एक चिकटवून वाळलेली आणि एक पुरी. ओली वस्तू टेबलाखाली सरकवायची आणि त्याच हाताने वाळलेली वर आणायची. त्या चारही खोक्यांत भरून मी एस.टी.ने मुंबईला नेत आले. पावसाळ्यात खोकी मांडीवर आणि मी भिजलेली. असा एकेक कार्यक्रम झाला. किती झाले ते मोजलेले नाहीत, मोजायची ताकद नाही.

कलम तिसरे. बांगड्यांविषयी. हे कलम वकिलांच्या मते गरजेचे नाही. माझ्या मते यावरच सगळे उभे आहे.

माझे यजमान लालासाहेब फौजेत नाईक होते. पासष्टच्या लढाईत गेले. तार आली त्या दिवशी उंब्रजच्या घरात, चार बायकांत, माझ्या बांगड्या फोडल्या. त्यानंतर माझे हात भुंडेच होते. पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी दिव्यांखाली ते हात पाहून तिथल्या बाई म्हणाल्या, मुलांचा कार्यक्रम आहे, हात असे बरे दिसत नाहीत. त्यांनी डझनभर हिरव्या बांगड्या आणल्या. मी विधवा आहे हे मी बोलले नाही. माझ्या बोलण्याचे काय होते ते तासापूर्वीच पाहिले होते. बांगड्या चढवल्या, काम केले, साबण लावून उतरवल्या आणि परत दिल्या. पुढे दर खेपेस तसेच.

माझे धाकटे दीर बाळासो डुबल कामानिमित्त साताऱ्यास आले असता त्यांनी एका दुकानात हा कार्यक्रम पाहिला. माझी डावी करंगळी लहानपणी मागात सापडून वाकडी झाली आहे. त्यावरून त्यांनी हात ओळखले आणि हातातल्या बांगड्याही पाहिल्या. पडद्यावर सगळे काळेपांढरे दिसते, पण उंब्रजपर्यंत जाईस्तोवर त्या हिरव्या झाल्या होत्या. मी दुसरे लग्न केले असे गावात ठरले. कोणाशी, ते मला कोणी कळवले नाही. भावकी बसली. मी घराचा उंबरा चढू नये, नवऱ्याच्या श्राद्धालाही येऊ नये, असा निरोप आला. मी खुलासा करायला गेले नाही. तेव्हा मानी होते, म्हणून गेले नाही. आता गेले नसते ते केवळ कंटाळा आला म्हणून.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या सासूबाई, चंद्राबाई, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते असे घरी सांगून एकट्या एस.टी.ने साताऱ्यास आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. दारात उभ्या राहून त्या एवढेच म्हणाल्या की ते काय लागतं ते मला दाखव. कार्यक्रम त्याच संध्याकाळी होता. शेजारी निवृत्त सुभेदार आप्पासो भोईटे यांच्याकडे साताऱ्यातल्या तेव्हाच्या मोजक्या टीव्हींपैकी एक होता, आणि पुण्याकडे तोंड केलेला उंच बांबू. चित्रावर मुंग्या आल्या होत्या. माझे हात पुठ्ठ्याची होडी करीत होते. मी आत्याबाईंच्या मागे उभी होते. आत्याबाईंनी शेवटपर्यंत पाहिले. सुभेदारांनी विचारले, ओळखले का सूनबाईंचे हात?

त्या म्हणाल्या, “ह्या हातातल्या बांगड्या म्याच फोडल्या हुत्या. मला वळखाया यायचं न्हाईत व्हय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कासाराकडे नेले. मला वाटले काही विकत घ्यायचे असेल. त्यांनी माझा हात धरून कासारापुढे ठेवला आणि “भर” म्हणाल्या. कासार माझ्या कपाळाकडे पाहत राहिला. त्या पुन्हा म्हणाल्या, भर. त्याने भरल्या. त्या दिवसापासून मी बांगड्या घालते, आणि मुंबईच्या बांगड्या मुंबईत पडून आहेत.

आत्याबाई उंब्रजला परत गेल्या तेव्हा ही बातमी आधीच पोचली होती, आणि बाळासोंनी त्यांचे अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत टाकले होते. पंधरवड्यात त्या गाठोडे घेऊन माझ्याकडे आल्या. पंचाहत्तर सालापासून माझ्याकडेच आहेत.

कलम चौथे. आत्याबाईंचे काम. हे मुंबईत कोणाला ठाऊक नाही म्हणून लिहिते. कोणतीही वस्तू कार्यक्रमात घेण्याआधी मी ती आत्याबाईंसमोर न बोलता करून दाखवते. मग त्यांनी करायची. त्यांनी जन्मात शाळा पाहिलेली नाही आणि बोटे खुरप्याने जाड झालेली. त्यांना जमली तर पोरांना जमणार. जमली नाही तर त्या ती वस्तू बाजूला सारतात आणि म्हणतात, हे तुझ्यासाठी केलंयस, पोरांसाठी न्हाई. आजवर त्यांचे म्हणणे डावलून मी एकदाच कागदाचा मोर घेतला, आणि तो कोणालाही जमला नाही. कार्यक्रम इतकी वर्षे चालला त्यात अर्धा वाटा त्यांचा आहे. नाव ताईंचे येते. असो.

कलम पाचवे. घर. साताऱ्यातील हे दोन खोल्यांचे घर माझ्या पगारातून आणि टेलिव्हिजनच्या मानधनातून घेतलेले, केवळ माझे आहे. डुबल घराण्याची त्यात एक वीट नाही. मला मूलबाळ नाही. वकील म्हणाले, काही न लिहिता गेलात तरी ते कायद्याने आत्याबाईंकडेच जाईल. मी विचारले, आणि त्यांच्या अंगठ्यावरून पुढे कुठे जाईल? बाळासो आईला गोड बोलून गाडीत घालतील, अंगठा घेतील आणि तिला पुन्हा गोठ्याशेजारी ठेवतील. मला मरणाची भीती फारशी उरलेली नाही. ही एक भीती आहे, आणि हे मृत्युपत्र तेवढ्यासाठीच आहे.

सबब, या घरात राहण्याचा हक्क आत्याबाईंना त्या आहेत तोवर. विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा कोणाला लिहून देण्याचा हक्क त्यांना नाही, म्हणजे त्यांच्या अंगठ्याचा कोणाला उपयोग होणार नाही. त्यांच्यामागे घर माझी विद्यार्थिनी चांदबी कुतुबुद्दीन मुजावर, राहणार सांगली, हिचे होईल. चांदबी माझ्या हाताखाली शिकली, आता स्वतः शिक्षिका आहे. साताऱ्यास बदली मागून तिने या घरात राहावे आणि आत्याबाईंना सांभाळावे असे आमचे तिघींचे बोलणे झाले आहे. यावरून कोणी जातीधर्माची भाषा काढील. त्यांना सांगावे की आत्याबाईंनीच तिला आधी विचारले, की भाकरी थापता येती का. येत नव्हती. आता येते.

कलम सहावे. हात. ‘दहा बोटे’ पुढे चांदबीने करावे. निर्मात्यांना मी तसे कळवले आहे. मागचे दोन कार्यक्रम तिनेच केले, आणि कोणाच्या लक्षात आले नाही. मला बरे वाटले. वाईटही वाटले. तिने बोलावे असे माझे निर्मात्यांना मागणे आहे. तिचे बोलणे सांगलीचे आहे. ऐकणाऱ्यांनी हसून घ्यावे आणि मग गप्प बसून शिकावे.

कलम सातवे. अवजारे व सामान. मोठी कात्री, पितळी पट्टी आणि माझे पाट्यावर घासलेले कापणीचे चाकू चांदबीला. मोठ्या कात्रीने तिने कापड कापू नये, हे शंभरदा सांगितले आहे. माळ्यावर खोक्यांत अर्ध्या आणि पुऱ्या वस्तू आहेत. शाळा त्या काचेच्या कपाटात ठेवू म्हणते. ठेवू नयेत. गल्लीतल्या पोरांना बोलावून द्याव्यात, आणि त्यांनी मोडल्या तर मोडू द्याव्यात. मोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. रेडिओ सुभेदारांना, त्यांनी इतकी वर्षे आम्हाला टीव्ही दाखवला म्हणून.

कलम आठवे. बाळासो डुबल यांस. यजमानांचा वर्दीतला फोटो त्यांना द्यावा. ते त्यांचे भाऊ होते आणि बाळासोंचे त्यांच्यावर प्रेम होते, हे मी नाकारत नाही. बाकी काही नाही.

कलम नववे. अंत्यविधी. या गणपतीत बाळासो चार वर्षांनी प्रथमच दारात आले. आत या म्हटले तर आले नाहीत. उंबऱ्यावर टेकून म्हणाले, “वैनी, झालं गेलं सोडा. अग्नी मीच देनार. मग घराचं आन आईचं बी मीच बघतो.” हे त्यांनी प्रेमाने म्हटले की हिशेबाने, मला सांगता येणार नाही. बहुधा त्यांनाही सांगता आले नसते. वकील म्हणतात, अग्नी कोणी दिला यावरून घर कोणाचे ते ठरत नाही. कोर्टात ठरत नसेल. उंब्रजमध्ये ठरते. चितेपाशी उभा राहिलेला माणूस दहाव्याला मालक होऊन बसतो, आणि म्हातारीचे गाठोडे त्याच दिवशी गाडीत चढते.

तरीही इथे मी लिहिले होते की अग्नी कोणीही द्यावा, मी थकले आहे, मला फरक पडत नाही.

वरील सर्व मजकूर आज दुपारी वकिलांनी आत्याबाईंना वाचून दाखवला. सुभेदार आणि मी समोर होतो. घराचे कलम त्यांनी मान खाली घालून ऐकले. स्वतःच्या कामाचे कलम आले तेव्हा एवढे कशाला लिहायचे म्हणाल्या. नववे कलम वाचून झाले तेव्हा त्यांनी वकिलांना थांबवले आणि विचारले, कोणीही म्हणजे कोण? वकील म्हणाले, ज्याला जमेल तो. घरातला पुरुष माणूस.

आत्याबाई म्हणाल्या, “माझ्या ल्योकाला तिकडं लांब कुनी जाळला मला ठावं न्हाई. त्येचं तोंड बी बघाया मिळालं न्हाई मला. हिला तरी मी दुसऱ्याच्या हाती देनार न्हाई. लिवा, अग्नी म्हातारी देनार.”

वकील म्हणाले, बाईमाणसाने अग्नी देण्याची आपल्याकडे रीत नाही. त्या म्हणाल्या, सून आधी जायची तरी कुठं रीत हाय. सुभेदार उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मी रडले. तारेच्या दिवसानंतर रडले नव्हते, ते आज रडले, आणि ते इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

सबब आधीचे वाक्य खोडले आहे, खोडलेल्या जागी माझी सही आहे, आणि कलम नववे येणेप्रमाणे: माझ्या देहास अग्नी माझ्या सासूबाई चंद्राबाई देतील. त्यांचा हात थरथरला तर चांदबीने तो धरावा. दुसऱ्या कोणी पुढे होऊ नये.

याखेरीज मला काही सांगायचे नाही. लिहिले ते वाचून पाहिले, बरोबर आहे.

लिहून ठेवणार: बनुबाई लालासाहेब डुबल (सही)

आम्हा दोघांसमक्ष सही झाली, आणि आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या:
१. आप्पासो रामराव भोईटे, निवृत्त सुभेदार, सातारा (सही)
२. मानसिंग गणपतराव थोरात, वकील, सातारा (सही)

मुक्काम सातारा, तारीख १४ ऑक्टोबर १९७९