सम्राटाच्या कानाखालचा चरा

३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझा धाकटा भाऊ अखेर खरा ठरला. आप्पांनी लहानपणी मला दिलेल्या रोमन नाण्याला तू जन्मभर 'बोक्याचं खूळ' म्हणत आलीस ना? परवा ऑनलाइन जाहिरातीत हुबेहूब तसंच दिसलं. तोच सम्राट, तेच नाक, कानाखाली तोच बारीक चरा! लगेच मागवलं. विकणारा सज्जन आहे. गेल्या वर्षी आपलं नाणं तपासायला त्याच्याकडेच पाठवलं होतं. महिनाभर ठेवून त्याने अस्सलपणाचा दाखला दिला.

तीस तारखेला वाचनालयात माझं व्याख्यान आहे. दोन्ही नाणी मांडणार. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारत नाही, बायकोसुद्धा. त्या दिवशी विचारतील.

गुडघ्यांना जप.
तुझा बोक्या

९ मार्च

चि. बोक्यास, अ. उ. आ.

आधी हसले, मग कपाळावर हात मारला. अरे, मी चाळीस वर्षं कवळ्या केल्या. ओतकाम मला शिकवू नकोस. जुनी नाणी ठोकून पाडायचे. चित्र सारखं येईल, पण मागाहून पडलेला ओरखडा दोन नाण्यांवर एकाच जागी कसा येईल? तो साच्यातूनच येतो. नव्या नाण्याची कड भिंगाखाली धर. मधोमध साच्याचे दोन भाग जुळल्याची शिवण दिसेल, अक्षरांत बुडबुड्यांचे खड्डे दिसतील.

तुझ्या सज्जनाने महिनाभरात साचा काढला आणि तुझंच नाणं तुला विकलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यास! व्याख्यान रद्द कर, हसं होईल.

तुझी ताई

१५ मार्च

ती. ताईस, सा. न.

शिवण आहे. बुडबुडेही आहेत. दोन दिवस घास उतरला नाही. मग सुचलं, नवं खोटं म्हणजे आप्पांचं खरं! विषयच बदलला: 'खोटी नाणी कशी ओळखावीत'. दोन्ही मांडणार, शेजारी भिंग. नाण्यांचे एक जाणकारही येणार आहेत. आप्पांच्या नाण्याची कड मात्र पाहिली नाही. बापाची झडती कोण घेतं?

तुझा बोक्या

२० मार्च

चि. बोक्यास, अ. उ. आ.

आता लपवून भागणार नाही. तू नऊ वर्षांचा असताना ते नाणं गटारात पडलं. तू तापाने फणफणलास, 'आप्पा आता माझ्याशी बोलणार नाहीत' असं बरळत होतास. मी तेव्हा दंतवैद्याकडे काम शिकत होते. सराव म्हणून त्या नाण्याचा साचा आधीच काढला होता. त्यात कवळीचा धातू ओतला. घासताना कानस सटकली, तोच तो चरा. तुला सांगितलं, गटारात सापडलं, पडून ओरखडा आला. आप्पांनी ओळखलं, पण गप्प राहिले.

म्हणजे तुझ्या सज्जनाने माझ्या नकलेची नक्कल केली, तीही भिकार. इतकी वर्षं बोलले नाही, याची लाज वाटते. रागाव हवं तर, पण पत्र टाक.

तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आठवडाभर तुझ्यावर जळफळलो. तरी दोन्ही मांडली. जाणकारांनी भिंग लावून मान हलवली. म्हणाले, दोन्ही ओतलेली. जुनं ओतणाऱ्याचा हात मात्र चांगला. मी म्हणालो, तो हात माझ्या ताईचा. लोक पोट धरून हसले. मग गटारापासून सगळं सांगितलं, तेव्हा हसू थांबलं. जुनं नाणं हातात घ्यायला रांग लागली. नव्याकडे कुणी पाहिलंही नाही, ते दाखल्यासकट सज्जनाला परत धाडलं.

एक आज आठवलं. आप्पा अधूनमधून ते नाणं माझ्याकडून मागून घ्यायचे, खिडकीशी धरायचे आणि म्हणायचे, अस्सल आहे हो. तेव्हा ते माझ्याकडे बघत नसत, तुझ्याकडे बघत.

माया आहे तशीच ठेव, चऱ्यासकट.
तुझा बोक्या