मुखवट्यातले हे

४ फेब्रुवारी

कॅसेट सापडली! माळ्यावर, जुन्या पंख्याच्या खोक्यात. वर ह्यांचं अक्षर — 'माझा सिनेमा. कुणी हात लावू नये.' लावला.

लग्नाआधी ह्यांनी एका सिनेमात काम केलं होतं. खुनाखुनीचा. चार मित्रांनी मिळून काढलेला, थेटरात न लागता सरळ कॅसेटवर आलेला. मुखवटा घातलेला एक माणूस वसतिगृहात शिरतो आणि एकेकाला उडवतो, एवढीच गोष्ट. तो मुखवटेवाला म्हणजे आमचे हे. जन्मभर मिरवलं. "अर्धा डझन मुडदे पाडलेत मी, मला गार चहा देऊ नकोस!" झुरळ दिसलं की मात्र मला हाक.

लेक म्हणाली, "आई, आत्ता कशाला बघतेस असलं काही?" सांगितलं नाही तिला. मोबाइलवरचे सगळे व्हिडिओ ह्यांनीच काढलेत. त्यांत मी आहे, लेक आहे, ह्यांचा फक्त अंगठा. हे जाऊन दोन महिने झाले आणि चालताबोलता माणूस मला कुठेच बघायला मिळत नाही. म्हणून.

६ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याकडून व्हीसीआर आणला. "ठेवा काकू, कुत्रंही विचारत नाही आता त्याला."

पाहिला. काय भिकार सिनेमा! रक्त म्हणजे निव्वळ लाल पाणी. भिंतीवर माइकची सावली. मुखवटा पुठ्ठ्याचा. पण दारात उभे राहिले ना — डावा खांदा जरा उतरलेला — हेच! लगेच ओळखलं. जिना उतरताना पाहिलं, पाठमोरं पाहिलं. आत काही म्हणजे काही हललं नाही.

मुडदा आला की बटण दाबून पुढे पळवते. एक पाहिलाय मी, आमच्याच न्हाणीघराच्या दारात. तेवढा पुरे.

९ फेब्रुवारी

दवाखान्यात गर्दी. दातांचा दवाखाना, मी बाहेर बसून नावं लिहून घेते. आतून डॉक्टरीणबाई दर पेशंटला विचारतात, "बधिर झालं का?" आज मीच बसल्या जागी मान हलवली. कुणी पाहिलं नाही, नशीब.

संध्याकाळी वन्संचा फोन. "वहिनी, माझा सख्खा भाऊ गेला आणि तुझ्या डोळ्यांतून टिपूस नाही! दगडाची आहेस का गं?" मलाही तेच वाटायला लागलंय. इतकी वर्षं संसार केला तो नुसता उरकला की काय? भीती वाटते त्याची.

१० फेब्रुवारी

पुन्हा पाहिला. काही नाही.

११ फेब्रुवारी

पुन्हा. आज लेकही बसली शेजारी. "आई, हे बाबाच कशावरून? तोंड तर दिसत नाहीये." जन्म काढला त्या पाठीशी, मला ओळखू येणार नाही होय? फाडकन बोलले. निदान चिडता तरी येतंय.

१५ फेब्रुवारी

त्या सिनेमाचा मेकअपवाला भेटायला आला होता. बातमी उशिरा कळली म्हणाला. थकलाय बिचारा. मी कौतुकाने टीव्ही लावून दिला — हे बघा, जिन्यावर आमचे हे! तो आपला कपाकडे बघत बसला. मग म्हणाला, "वहिनी, हा निर्मात्याचा मेहुणा. मुखवटा तुमच्या मिस्टरांना ढगळ व्हायचा, नाकावरून घसरायचा."

मग हे कुठेत?

"स्वयंपाकघरात. ओट्याखाली पडलेला मुडदा. चेहरा चांगला दिसतो की!"

एवढी मोठी थाप! बायकोला, पोटच्या पोरीला! लग्नानंतर एकदाच पाहिला होता आम्ही हा सिनेमा. स्वयंपाकघर आलं आणि ह्यांनी माझे डोळे झाकले. "बघू नकोस, घाबरशील." घाबरशील म्हणे! आणि मी खुळी निर्मात्याच्या मेहुण्याची पाठ बघत बसले होते. ह्यांना शोधत होते आणि ह्यांनाच पळवत होते.

१६ फेब्रुवारी

लावली नाही. एकदा तसं पडलेलं पाहिलं ते कमी होतं का? तेच चित्र पुन्हा कोण बघेल? लेक म्हणाली, "मी बसते सोबत." नको म्हटलं.

१७ फेब्रुवारी

आजही नाही.

१८ फेब्रुवारी

दुपारी लावली. पळवली नाही. ओट्याखाली उताणे पडलेत, डोळे मिटलेले, गळ्याला लाल पाणी. केस केवढे दाट! कॅमेरा जवळ जाऊन थांबतो, बराच वेळ — आणि ह्यांचं पोट हलतंय! शर्टाचं बटण वर जातं, खाली येतं. धड मरताही आलं नाही ह्यांना! "अहो!" म्हणून ओरडले मी. लेक धावत आली. इतकं रडू फुटलं होतं की तिला काही सांगता येईना. पडद्यावर बोट ठेवलं नुसतं. श्वास घेतायत गं. बघ, श्वास घेतायत.